छत्तिसावं पान

१

रोज सकाळी न्याहारीची भांडी आवरली की उताए वरच्या खोलीत जाऊन बसायची. बुटकं मेज, शाई उगाळायचा दगड, तीन कुंचले, आणि समोर लाकडी पेटीतून काढलेलं एक जुनं चिनी भांडं. कधी ताटली, कधी सुरई, कधी झाकणाची डबी. पांढऱ्यावर निळं. भांडी फुशिमीच्या एका साकेवाल्या, म्हणजे तांदळाची दारू गाळणाऱ्या, शेटजींची होती. तीनशे वर्षांपूर्वी चीनमधून आलेली, कडांची झिलई उडून किडीनं कुरतडल्यासारखी झालेली. चहाच्या शौकिनांना त्या कुरतडलेल्या कडांचंच जास्त कौतुक. शेटजींना आपल्या छत्तीस भांड्यांचं छापील पुस्तक हवं होतं, आणि ते क्योतोत, तेरामाची रस्त्यावरच्या तिच्या आजोबांच्या छापखान्यात तयार होत होतं.

उताए पातळ कागदावर भांडं उतरवायची. मग तो कागद पालथा करून चेरीच्या फळीवर चिकटवायचा, आणि कोरणाऱ्यानं कागदासकट लाकूड कोरून काढायचं. फळी तयार, चित्र गायब. सहा महिन्यांत तिनं मान मोडून काढलेल्या चित्रांपैकी एकही जगात शिल्लक नव्हतं. चित्र कोणी काढलं याचा पुरावा कामाच्या पद्धतीनंच खाऊन टाकायचा आणि वर तिला परंपरा म्हणायचं, ही मोठी सोयीची गोष्ट होती. म्हाताऱ्यांच्या सोयीची.

तरी ती बसत होती, कारण आजोबांनी वसंतात शब्द दिला होता. "छत्तीस पूर्ण कर. चित्रांनंतरच्या शेवटच्या पानावर तुझं नाव घालू." ओसाकाच्या एका कलाशाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा होती. कॉलेजचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं, पण शाळेला तिच्या नावाचं एखादं छापील काम हवं होतं, तेही वर्ष संपायच्या आत. ते नसेल तर मार्चमध्ये ओमी प्रांतातल्या सूतवाल्याशी लग्न. तो माणूस बघायला आला तेव्हा दोन तास सुताच्या भावावर बोलला होता. आईवडील तापाच्या साथीत गेलेले. घरात उताए आणि आजोबा, दोघंच. मध्ये पडून बोलणारं कोणी नव्हतं.

नोव्हेंबरच्या त्या सकाळी तिनं पाहिलं, शाईचा दगड ओला होता. काल संध्याकाळी आपण तो पुसून ठेवला होता असं तिला वाटत होतं. वाटत होतं, खात्री नव्हती. तिनं पुन्हा पुसला आणि कामाला लागली.

थोड्या वेळानं खालून गेन्पाचीची हाक आली. "उताएताई, जरा खाली या. तुमच्या ताटलीला भोक पडलंय."

२

गेन्पाची तीस वर्षं याच खोलीत, याच उतरत्या मेजापुढे मांडी घालून छपाई करत होता. फळीला रंग लावायचा, ओलसर कागद कोपऱ्याच्या खुणेला टेकवून वर ठेवायचा, आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चोळणीनं पाठीवरून घासायचा. खर्र, खर्र, खर्र. प्रत्येक पानाला पाच फळ्या: रेषांची एक, निळ्या छटांच्या तीन, मागच्या फिकट राखाडीची एक. पाचही फळ्यांना कोपऱ्याची खूण अगदी एकाच जागी, म्हणून रंग रंगावर बसतो.

अकराव्या पानावर, ताटलीतल्या बैलाच्या पाठीवर, तांदळाएवढा पांढरा ठिपका होता.

"फळी बसली असेल तिथे," उताए म्हणाली.

"हात लावून बघा."

तिनं बोट फिरवलं. लाकूड सपाट होतं. गेन्पाचीनं दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. ठिपका तिथेच. रेषेची फळी, निळ्याची फळी, राखाडी, एकही तिथे उमटत नव्हती. जणू कागदानंच तिथे रंग घ्यायला नकार दिला होता.

"कागदाला तेलाचा हात लागला असेल. कोणाचा तरी," उताए म्हणाली.

"माझा हात? सकाळपासून मी काय खाल्लं? सलगमचं लोणचं. त्यात तेल कुठलं? आमच्या हिच्या हातचं आहे, त्यात चवसुद्धा नसते." तो हसला, पण नजर फळीवर होती. "आधीची पानं काढू या का?"

काढली. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक पानावर एक ठिपका सापडला. एवढे बारीक, की भांड्याच्या कुरतडलेल्या कडा समजून दोघांनी ते सोडून दिले होते. पण तीन ठिपके तर भांड्याच्या बाहेर, राखाडीत होते. तिथे कड कुठली?

त्यानंतर उताएनं एकेक शक्यता तपासली. कागद बदलला. रंगातली खळ बदलली. चोळणीची साल नवी बांधली. एक पान गेन्पाचीला उठवून स्वतः छापलं. ठिपका प्रत्येक वेळी आला, प्रत्येक पानावर वेगळ्या जागी, आणि पानागणिक मोठा होत गेला. विसाव्या पानावर तो नखाएवढा होता. तिसाव्यावर अंगठ्याएवढा, एका बाजूनं गोलसर, दुसऱ्या बाजूनं सरळ.

"लाकूड जुनं आहे," गेन्पाची एकदा म्हणाला. "आपल्या छापखान्याच्या पहिल्या पुस्तकाच्या फळ्या तासून परत वापरल्यात. चेरीचं चांगलं लाकूड आता मिळतंय कुठं?"

हे कारण पटण्यासारखं होतं. मात्र सत्ताविसाव्या पानाच्या फळ्या नव्या कोऱ्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

३

"हात कापतो तुझा," आजोबा म्हणाले. दुपारचं जेवण चाललं होतं. सेईबेई आजोबांनी भातावर गरम चहा ओतला आणि वाडगा तोंडाला लावला. शहात्तर वर्षांचा माणूस, पण ताठ. "चित्र कच्चं असलं की छपाई कच्ची."

"ठिपके चित्रात नाहीत. गेन्पाचीकाकांना विचारा."

"तो तुझीच बाजू घेणार. बरं, पस्तीस झाली ना? शेटजींना वर्षअखेर पुस्तक हवंय. शेवटच्या पानाची फळी कोरून आली आज."

उताएच्या जेवायच्या काड्या थांबल्या. "बघू?"

त्यांनी बोट दाखवलं. फळी कोनाड्यात ठेवली होती. अक्षरं उलटी, पण उलटी अक्षरं वाचायला ती पाचव्या वर्षी शिकली होती. चित्रं आणि प्रकाशन: सेईबेई. बाकी पत्ता, राजवटीचं वर्ष. एवढंच.

"माझं नाव?"

"पुस्तक या घराचं आहे. घराचं नाव म्हणजे माझं नाव."

"तुम्ही शब्द दिला होता."

"तू काम करावंस म्हणून दिला होता. झालं ना काम?" ते शांतपणे लोणच्याची फोड चघळत होते. "आरडाओरडा नको. तुझ्या शिगेआत्यानं पहिलं पुस्तक केलं, ती कधी असं ताटावर बसून भांडली नाही."

उताएनं काड्या खाली ठेवल्या. पहिलं पुस्तक, तेही याच शेटजींच्या घराण्यातल्या भांड्यांचं, ज्याची पानं दुकानात चौकटीत लावलेली होती, ज्याबद्दल आजोबांना टोकियोहून सन्मानाचं पत्र आलं होतं, ते आजोबांनी काढलं असं ती जन्मल्यापासून ऐकत होती. शिगेआत्या म्हणजे लग्न होऊन कोबेला गेलेली, कधी पत्र न पाठवणारी आत्या. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता.

"ती चित्रं आत्याची होती?"

"जेव," आजोबा म्हणाले.

४

मागच्या कोठारात फळ्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. उताएला हवी ती अर्ध्या तासात सापडली. पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाची फळी तासलेली नव्हती, फडक्यात बांधून अगदी तळाशी ठेवलेली होती. आजोबांच्या नावाशेजारी लाकडाचं ठिगळ होतं. कोरताना चूक झाली की तेवढा भाग खणून तिथे दुसऱ्या लाकडाचा तुकडा ठोकून बसवतात, तसं. बोटभर लांब, रंगानं थोडं फिकं, वर काहीही न कोरलेलं. दोन अक्षरांचं नाव मावेल एवढं.

तिनं त्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. कोठार थंडगार होतं. ठिगळ कोमट होतं. हाताचीच ऊब असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण दुसऱ्यांदा बोट ठेवलं नाही.

फळी घेऊन ती गेन्पाचीसमोर बसली. तो चोळणीला तेलाचं फडकं लावत होता. फळी बघून त्याचा हात थांबला.

"कुठून काढलीत ही?"

"कोणाचं नाव होतं इथे?"

"जुनी गोष्ट आहे, ताई."

"जुन्या गोष्टी तुम्ही सगळे मिळून जपता आणि त्यांचं ओझं मात्र आमच्या डोक्यावर. सांगा, काका."

त्यानं फडकं घडी करून ठेवलं, परत उलगडलं. "मी तेव्हा नवा होतो. शिगेबाईंनी कोरणाऱ्याला हळूच सांगून स्वतःचं नाव कोरून घेतलं. पहिला छाप धन्यांनी बघितला. त्याच दिवशी नाव खणून काढायला लावलं. ठिगळ मी बसवलं."

"मग?"

"पस्तीस पानं झाली होती. शिगेबाई म्हणाल्या, नाव नाही तर छत्तिसावं काढणार नाही. धनी म्हणाले, ठीक आहे, छत्तिसावं पान झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. वर जेवण जायचं. खाली शाई उगाळल्याचा आवाज यायचा." तो थांबला. "छत्तिसावं झालंच नाही. बघा ना, पुस्तकाच्या वेष्टणावर छत्तीस लिहिलंय आणि आत पस्तीसच आहेत. गिऱ्हाइकांना धनी सांगतात, थोडं अपुरं ठेवण्यात रसिकता असते."

"आणि आत्या?"

"कोबेला गेल्या ना."

"कधी गेली? कोणाबरोबर? तुम्ही जाताना बघितलंत?"

"छातीचा आजारही होता म्हणतात," गेन्पाची म्हणाला. ही दोन उत्तरं एकमेकांत बसत नाहीत हे त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात वरून आवाज आला. दगडावर शाईची कांडी गोल गोल फिरल्याचा. संथ, सवयीचा.

"मांजर असेल," गेन्पाची म्हणाला.

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?" उताए उठली, जिन्यानं धाडधाड वर गेली. खोलीत कोणी नव्हतं. कागदी दारातून दुपारचं ऊन मेजावर पडलं होतं. दगड ओला होता, आणि त्यातल्या शाईवर अजून एक बारीक वलय फिरत होतं.

५

छत्तिसावी पेटी तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. लहानशी ताटली. पाण्याकाठी झोपडी, झोपडीचं दार उघडं, आत कोणी नाही. पेटीच्या झाकणाला आतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर बायकी वळणाच्या अक्षरात एकच आकडा: छत्तीस. म्हणजे हे भांडं या खोलीत याआधी, आत्यापुढे, येऊन गेलं होतं.

उताएनं चित्र काढलं. दुपारी कोरणारा ते घेऊन गेला. आठवड्यानं फळ्या आल्या. त्या आठवड्यात तिच्या हाताला काही काम नव्हतं, आणि रिकाम्या हातानं रागावणं तिला जमत नसे. म्हणून तिनं आधीची पस्तीस पानं वर आणली.

खरं तर तिला ठिपके मोजायचे होते, आजोबांच्या तोंडावर फेकायला. मेजावर तिनं आपला पातळ कागद ठेवला, त्याच्या कोपऱ्यावर छपाईची खूण काढली. मग पहिलं पान त्याखाली सरकवलं, खुणेला खूण जुळवली, आणि ठिपक्याची कड शाईनं उतरवून घेतली. मग दुसरं पान. मग तिसरं.

दहा पानांपर्यंत कागदावर नुसते शिंतोडे होते. विसाव्या पानानंतर त्यातले काही एकमेकांना टेकले. सव्विसाव्याला तिच्या लक्षात आलं की खालची आडवी पट्टी म्हणजे मेजाची कड आहे. तिच्याच मेजाची, डावा पाय जरा तोकडा. अठ्ठाविसाव्याला खांदा आला. एकोणतिसाव्याला अंबाडा. तिनं कुंचला खाली ठेवला, पाणी प्यायली, आणि परत उचलला. कोणी अर्धवट काम सोडलं की तिला चीड यायची, स्वतःची जास्त.

पस्तिसावं पान बाजूला काढलं तेव्हा कागदावर एक बाई बसलेली होती. मेजापुढे, मान खाली घालून, चित्र काढत. चेहरा नव्हता, अंबाडा आणि मानेचं वळण तेवढं. डावा हात कागद दाबून धरलेला. उजवा हात मनगटापासून पुढे नव्हता.

पाठ कोणाकडे होती? उताएनं हळूच मागे वळून पाहिलं. चित्र जिथून काढलेलं दिसत होतं, ती जागा म्हणजे जिन्याचं दार. आणि बाई जिथे बसली होती, तिथे उताए बसली होती.

एखाद्या खोलीतून माणूस बाहेर पडतो, तेव्हा मागे काहीतरी उरतं. हे उरलेलं नव्हतं. हे कोणीतरी, रोज थोडं थोडं, बाहेर पडत होतं.

६

आजोबांना ती म्हणाली, "वर चला, एक दाखवायचंय."

"गुडघे," आजोबा म्हणाले. तिला आठवलं, तिनं त्यांना जिना चढताना कधीच पाहिलं नव्हतं. देवळाच्या पायऱ्या मात्र ते दर महिन्याला चढत.

मग तिनं कागद त्यांच्यासमोर चटईवर पसरला. कुठून आला, कसा जुळवला, सगळं सांगितलं. ही कोण, असं ते विचारतील असं तिला वाटलं होतं. थोतांड आहे, म्हणतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. ते कागदावर वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मान खालीच आहे ना अजून?"

"हो."

"हात?"

"उजवा नाही आला. एक पान बाकी आहे."

आजोबांनी कागद पालथा केला. "छत्तिसावं छापू नका. पस्तीसच राहू दे. शेटजींना मी सांगेन." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तुझं नाव घालतो. आजच कोरणाऱ्याला बोलावतो. जा ओसाकाला."

सहा महिने ज्यासाठी मान मोडली ते असं, तोंड बंद करायला पुढे केलेल्या वाडग्यासारखं, तिच्यासमोर आलं. हात पुढे करायचा आणि घ्यायचं. एक क्षण तिनं ते घेतलंही, मनातल्या मनात. गाडी, ओसाका, स्वतःच्या नावाची पाटी.

"आणि आत्याचं?"

"तिचं काय?"

"पहिल्या पुस्तकाचं ठिगळ काढा. तिचं नाव बसवा. त्या पानाचे नवे छाप त्याच नावानं निघू देत. मग छत्तिसावं नाही छापत."

"ते नाही होणार."

"का?"

"का म्हणजे?" आता ते खरंच रागावले, आणि राग आल्यावर त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "सत्तावीस वर्षं लोक माझ्या नावानं ती चित्रं बघतायत. आता काय, दारोदार जाऊन सांगू, मी चुकलो म्हणून? या वयात? एका हट्टी पोरीसाठी?"

"ती वर मेली का, आजोबा?"

"ती काम अर्धवट टाकून बसली," सेईबेई म्हणाले. "एवढंच मला माहीत आहे. मला जेवायला वाढ."

तिनं वाढलं. भात, टोफू, लोणचं, चहाची किटली. सगळं नीट मांडलं, दार लोटून घेतलं आणि छापखान्यात गेली. स्वयंपाकाला येणारी बाई कधीच आपल्या घरी गेली होती.

७

"धनी नको म्हणालेत," गेन्पाची म्हणाला.

"मग तुम्ही उठा. मी छापते."

"ताई, ऐका माझं. काही गोष्टी तशाच..."

"तुम्ही ठिगळ बसवलंत ना, काका? झालं तर मग. आता बघत बसा."

तो उठला, पण गेला नाही. भिंतीला टेकून बसला. दोरीवर सकाळीच छापलेली शेवटच्या पानाची पहिली प्रत वाळत होती. काळीभोर, स्वच्छ, चित्रं आणि प्रकाशन: सेईबेई.

उताएनं रेषेच्या फळीला रंग लावला. कागद खुणेला टेकवला. खर्र, खर्र. मग फिकट निळा. मग मधला. वर शाई उगाळल्याचा आवाज चालू होता. कधीपासून चालू होता ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग गडद निळा, पाण्याच्या कडेला आणि उघड्या दाराच्या आत. शेवटी राखाडी. तिचे खांदे भरून आले होते. तिनं कागद एका कोपऱ्यानं उचलला आणि उजेडात धरला.

गेन्पाची गुडघ्यांवर पुढे सरकला. दोघांनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आडवं पाहिलं.

"डाग नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा मोकळा झाला. "बघा, एकसुद्धा नाही. गेलं, ताई. काय असेल ते गेलं."

तेव्हा तिची नजर दोरीकडे गेली. शेवटच्या पानावर आजोबांच्या नावाच्या जागी पांढरं होतं. खोडलेलं नाही, पुसलेलं नाही. कोरा कागद, बोटभर लांब. गेन्पाचीनं फळी ओढली, नावावरून अंगठा फिरवला. अक्षरं जागच्या जागी होती, उंच, धारदार.

वर शाईचा आवाज थांबला.

मग मेज सरकलं. त्या खोलीची चटई उताएच्या ओळखीची होती. उठताना कुठे दाबली जाते, दारापर्यंत किती पावलं. पाच. दार सरकलं. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीचा कुरकुर आवाज आला, आणि पुढच्या पायऱ्या एकेक करून, उतरायची सवय मोडलेल्या माणसासारख्या.

गेन्पाचीनं डोळे मिटले. उताएनं मिटले नाहीत. छापखान्याच्या दाराची फट चार बोटं होती, आणि फटीतून जिन्याचा खांब दिसत होता. त्यावर एक हात आला. उजवा. रंग न लागलेल्या कागदासारखा पांढरा, मनगटापर्यंत. फक्त बोटांच्या टोकांना निळं. हात क्षणभर टेकला, मग सुटला आणि आतल्या खोलीच्या दिशेनं गेला.

आत वाडगा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उताए?" आजोबा म्हणाले.

पावलं थांबली नाहीत.

"उताए, तूच आहेस ना गं?" त्या आवाजात विनवणी होती. या घरात तो स्वर तिनं कधी ऐकला नव्हता. एक 'नाही, मी इकडे आहे' एवढं पुरलं असतं. निदान त्यांना कळलं असतं.

उताएनं छत्तिसावं पान दोरीवर घातलं, चिमटे लावले, दोन्ही कोपरे सरळ केले, आणि गप्प राहिली.